वाईट वर्षानंतरचं वर्ष

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार भरली होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास आहे. तो इथे लावला तर जिल्ह्यात वर्षाला साधारण 40 हजार बाळंतपणं होतात. 2018-20 या काळात राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं. तेही इथे लावू. उत्तर येतं वर्षाला 13 मृत्यू, म्हणजे सरासरीने तालुक्यामागे एक.

हा हिशेब राज्याच्या सरासरीवरून केलेला आहे. जिल्ह्याच्या नोंदवहीतला आकडा वर्षागणिक कमीजास्त असणार. तरी हा अंदाज मनात पक्का बसवून घ्यावा, कारण अडचणीत आलेल्या रुग्णालयाला हात देणाऱ्या कोणत्याही योजनेचं यश मोजायला बसलं की गाडी याच आकड्यापाशी येऊन अडते.

क्षणभर समजा की तेराही तालुके अगदी सारखे आहेत. डॉक्टर तितकेच, रस्ते तसेच, गरिबीही तितकीच. तरी प्रत्येक तालुक्यात दर वर्षी बरोबर एकच मृत्यू होईल असं नाही. योगायोगाचं गणित मांडलं तर अशा वर्षात साधारण पाच तालुक्यांत एकही मृत्यू होत नाही, पाच तालुक्यांत एकेक होतो, दोन तालुक्यांत दोन-दोन होतात आणि एखाद्या तालुक्यात तीन किंवा त्याहून जास्त. त्या एका तालुक्याकडे सगळ्यांचं लक्ष जाणं साहजिक आहे. आढावा बैठकीत तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला उभं करून जाब विचारला जातो, वर्तमानपत्रांत मथळे येतात, वरून पथक येतं. ग्रामीण रुग्णालयासाठी प्रशिक्षण, यंत्रसामग्री, दर आठवड्याची भेट, कंत्राटी परिचारिका अशी मदत जाहीर होते. पुढच्या वर्षी त्या तालुक्यात तीनापेक्षा कमी मृत्यू होण्याची शक्यता शंभरात 92 असते. पथक आलं नसतं तरीही ती तेवढीच असती.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे लावताना ते दाखवलं. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याहून थोडी बुटकी निघतात, फार बुटक्यांची थोडी उंच. टोकाच्या मोजमापात योगायोगाचा वाटा मोठा असतो आणि पुढच्या खेपेला योगायोग तीच बाजू धरून राहत नाही. रुग्णालयांना मदत करणारे कार्यक्रम याच सापळ्यात हटकून सापडतात, कारण त्यांची निवडच मुळी सर्वांत वाईट क्षणी होते.

याच जिल्ह्यातलं अलीकडचं एक उदाहरण घ्या. 2024 च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांतच टक्कल पडू लागलं. पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. काही जणांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. मधल्या आठवड्यांत कुणी गावात एखादं तेल वाटलं असतं तर आज ते रामबाण औषध म्हणून खपत असतं. आपोआप बरं होणाऱ्या गोष्टीचं श्रेय जवळ उभं असलेल्याला मिळतं, आणि खरं कारण शोधायची घाई मग कुणालाच राहत नाही. या दुसऱ्या भागाची मला जास्त काळजी वाटते.

2023 च्या ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांतली निम्मी नवजात बालकं होती. अशा वेळी धावून जायलाच हवं, चौकशीही व्हायलाच हवी, आणि अशा प्रत्येक मृत्यूमागे काय चुकलं हे शोधणाऱ्या समित्यांचं काम मी कधीच कमी लेखणार नाही. पण दुसऱ्या महिन्यात मृत्यू कमी झाले की ‘उपाययोजनांना यश’ असं जे छापून येतं, ते या घटनांच्या आधारे म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. स्टॅफर्डच्या रुग्णालयात झालेल्या हेळसांडीचा चौकशी अहवाल 2013 च्या फेब्रुवारीत आला. पाठोपाठ मृत्यूदर सलग दोन वर्षं अपेक्षेपेक्षा जास्त असलेल्या 14 रुग्णालय-संस्थांची तपासणी झाली आणि जुलैमध्ये त्यांतल्या 11 संस्था ‘विशेष उपाययोजने’खाली गेल्या. प्रत्येकीला सुधारणेसाठी बाहेरचा संचालक मिळाला, चांगलं चाललेलं एक रुग्णालय जोडीदार म्हणून मिळालं आणि सुधारणेचा आराखडा लोकांसमोर ठेवण्याचं बंधन आलं. 2021 मध्ये या व्यवस्थेच्या जागी पुनरुज्जीवनासाठी मदत देणारा नवा कार्यक्रम आला. अनेक संस्था या यादीतून बाहेर पडल्या, काहींत खरोखर चांगले बदल झाले. पण निवड मृत्यूदराच्या टोकावरून झालेली होती आणि त्याच काळात देशभरातली रुग्णालयंही बदलत होती. शिवाय ‘नापास’ असा शिक्का बसलेल्या ठिकाणी नोकरीला यायला डॉक्टर आणि परिचारिका कचरतात, हेही तिथे दिसून आलं. मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे अडचणीत आलेल्या रुग्णालयावर मदतीच्या नावाखाली असा शिक्का मारला तर तुटवडा वाढतो. जिथे ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ मिळवतानाच नाकी नऊ येतात, त्या आपल्याकडे याचा विचार दुप्पट व्हायला हवा.

न फवारलेला पट्टा

कपाशीवर नवं औषध मारून पाहणारा जाणता शेतकरी एक पट्टा न फवारता सोडतो. पाऊस दोन्हीकडे सारखा पडतो, ऊन सारखं, जमीनही तीच. मग जो फरक दिसेल तो औषधाचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचे प्रयोगही याच तत्त्वावर चालतात. आरोग्याच्या योजनांमध्ये मात्र असा पट्टा राखण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजली नाही.

ज्यांनी तो राखला त्यांचं म्हणणं जगाने ऐकलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांमध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि तिथल्या मृत्यूंची तुलना शेजारच्या 47 गावांशी केली. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांमध्ये हे प्रमाण 25.5 वर आलं. शेजारच्या गावांमध्ये ते 59.6 होतं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला, आणि 2011 पासून आशांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभर सुरू झालं. माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा आकडा 59.6 आहे. तो नसता तर उरलेल्या यशाबद्दल कुणीही म्हणू शकलं असतं की काळच बदलत होता.

बुलढाण्याच्या मातीशी नावाने जोडलेला एक कार्यक्रम या कसोटीवर घासून पाहू. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. त्यांच्या नावाचं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये औरंगाबादला मुख्यालय ठेवून सुरू झालं आणि सनदी अधिकारी व्ही. रमणी यांनी ते उभं केलं. कुपोषणाने बालकं दगावल्याच्या बातम्यांनी तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. मिशनने नवा पैसा किंवा नवा विभाग मागितला नाही. आरोग्य खातं आणि अंगणवाडी या एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या दोन यंत्रणांना एका टेबलाशी आणणं आणि आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांकडे लक्ष वळवणं, हे काम त्याने हाती घेतलं. 2012 मध्ये राज्याचं सर्वंकष पोषण सर्वेक्षण झालं. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये खुजेपणाचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 23 टक्क्यांवर आलं होतं. सहा-सात वर्षांत एवढी घसरण भारतात क्वचितच कुठे दिसली आहे.

मग मिशन यशस्वी झालं का? मला ते काम मनापासून आवडतं, आणि तरीही या आकड्यावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. 2005 हेच राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचंही पहिलं वर्ष होतं. पुढच्या काही वर्षांत आशा आल्या, अंगणवाड्या वाढल्या, रस्ते झाले, घरातली कमाई वाढली, मुलींचं शिक्षण वाढलं. मिशनही आधी आदिवासी भागात आणि मग उरलेल्या महाराष्ट्रात पसरलं. शेवटी न फवारलेला पट्टा म्हणावा असा जिल्हाच राज्यात उरला नाही. टप्प्याटप्प्याने जाण्याच्या त्या वर्षांत कोणता जिल्हा आधी आणि कोणता नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं, तर तोच टप्पा तुलनेचा पाया झाला असता. त्याला जास्तीचा एक रुपयाही लागला नसता. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा 2015-16 मध्ये 34.4 टक्के आणि 2019-21 मध्ये 35.2 टक्के निघाला. घसरण थांबली होती. मिशनने नेमकं काय साधलं हे तेव्हा माहीत असतं, तर ती का थांबली याचा शोध तरी नीट घेता आला असता.

बुलढाण्याच्या सीमेवर असाच एक पट्टा आयता मिळाला आहे. 2018 च्या जानेवारीत केंद्राने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम असे चार जिल्हे त्यात आले. बुलढाणा आला नाही. लोणार आणि मेहकर हे तालुके वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावच्या भागाला लागून आहेत. जमीन सारखी, सोयाबीन सारखं, बोली सारखी, लग्नसंबंध एकमेकांत. सीमेच्या एका बाजूला 49 निर्देशांकांवर दर महिन्याला क्रमवारी लागते आणि त्यात आरोग्य-पोषणाचा भार 30 टक्के असतो. दुसऱ्या बाजूला नेहमीचाच कारभार चालतो. वाशीममध्ये किती सुधारणा झाली एवढंच विचारण्यात अर्थ नाही. वाशीममध्ये झालेल्या सुधारणेतून त्याच काळात बुलढाण्यात झालेली सुधारणा वजा केली, तर जे उरतं ते कार्यक्रमाचं म्हणता येईल. प्रश्न असा विचारायला हवा.

या वजाबाकीलाही मर्यादा आहेत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका जिल्ह्यातून साधारण नऊशे-हजार घरं घेतली जातात, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलं काही शेच असतात. त्यामुळे तीन-चार टक्क्यांचा चढउतार नमुन्याचाच असू शकतो. शिवाय 2019-21 च्या फेरीतलं महाराष्ट्रातलं काम 2019 मध्येच उरकलं होतं, तेव्हा आकांक्षित कार्यक्रमाला दोन वर्षंही झाली नव्हती. एका जिल्ह्याची एकाच शेजाऱ्याशी तुलना लंगडी पडते, म्हणून चारही जिल्हे त्यांच्या सगळ्या शेजाऱ्यांसह एकत्र घ्यावे लागतील. मासिक क्रमवारीतले बरेच आकडे तर जिल्हा स्वतःच भरतो. ज्याचा निकाल लागणार आहे त्याच्याच हातात पेन असेल, तर त्या आकड्यांचा उपयोग कामाला गती देण्यापुरता करावा. पारखायला बाहेरच्या माणसाने घेतलेला नमुना लागतो.

पथक गेल्यावर

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांच्या दर्जासाठी गुणांकनाच्या बऱ्याच पद्धती आल्या आहेत. राष्ट्रीय गुणवत्ता मानकं 2013 मध्ये आली, स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ 2015 मध्ये, प्रसूतिकक्षासाठी ‘लक्ष्य’ 2017 च्या डिसेंबरमध्ये. 70 टक्क्यांच्या वर गुण मिळाले की प्रमाणपत्र मिळतं. रुग्णालयांना यातून खूप मिळालं आहे. स्वच्छ शौचालय, प्रसूतीच्या टेबलाभोवती पडदा, हात धुवायला वाहतं पाणी या गोष्टी बाईच्या सन्मानाच्या आहेत. त्यांनी मृत्युदर घटला नाही तरी त्या हव्यातच. पण गुण वाढले म्हणजे जीव वाचले, ही उडी कुणी मारू नये.

असं का म्हणतो ते उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगातून कळतं. त्याच्यामागे शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गावंडे यांची अमेरिकेतली संस्था होती. गावंडे घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं, म्हणजे वऱ्हाडातलंच. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी घेऊन 24 जिल्ह्यांतल्या 120 सरकारी केंद्रांवर हा प्रयोग झाला. 60 केंद्रांवर आठ महिने प्रशिक्षक जात राहिले, आधी आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू कमी. ते परिचारिकेच्या शेजारी उभे राहून तिला शिकवत. उरलेली 60 केंद्रं नेहमीसारखी चालली. दीड लाखाहून जास्त बाळंतपणांचा पाठपुरावा झाला.

दोन महिन्यांनी पाहणी झाली तेव्हा प्रशिक्षक येत असलेल्या केंद्रांवर आवश्यक गोष्टींपैकी 73 टक्के पाळल्या जात होत्या, इतर केंद्रांवर 42 टक्के. वर्षाने, प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर, पहिल्या गटाचं प्रमाण 62 टक्क्यांवर उतरलं, दुसऱ्याचं 44 होतं. फरक कमी झाला तरी टिकला होता. आणि बाळंतपणानंतरच्या सात दिवसांत बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईला गंभीर त्रास, यांपैकी काही घडण्याचं प्रमाण? एका गटात 15.1 टक्के, दुसऱ्यात 15.3. म्हणजे फरक नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये या संशोधकांनी हा निकाल जसाच्या तसा छापला. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. न फवारलेला पट्टा नसता तर 73 टक्के हा आकडा घेऊन त्यांना गावोगाव सत्कार घेता आले असते.

सवयी बदलूनही जीव का वाचले नाहीत? एक कारण असं दिसतं की, हात धुणं, तापमान पाहणं, वेळेवर इंजेक्शन देणं या गोष्टी सुधारल्या, तरी रक्तस्राव थांबत नसलेल्या बाईला रक्त हवं असतं, अडलेल्या बाळंतिणीला सिझेरियन हवं असतं, न रडलेल्या बाळाला शिकलेला हात आणि यंत्र हवं असतं. ते सगळं पुढच्या रुग्णालयात असतं. एक केंद्र सुधारलं तरी साखळी तुटलेली राहते.

बुलढाण्यात ही साखळी अक्षरशः घाट उतरते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. जिल्हा रुग्णालय घाटावर, बुलढाणा शहरात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून गंभीर बाई निघाली तर तिचा खरा शेवटचा थांबा बऱ्याचदा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असतो. देऊळगावराजाकडची बाई जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठते. त्यात कारभार दोन हातांत वाटलेला. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. रेफरची चिठ्ठी या दोन कारभारांची सीमा ओलांडते, कधी जिल्ह्याचीही. मदतीचा कार्यक्रम मात्र एका इमारतीला मिळतो आणि गुणही त्या इमारतीलाच.

पथक गेल्यावर काय होतं, याचा धडा राजस्थानात मिळाला. उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रांवरच्या परिचारिका निम्म्याहून जास्त दिवस जागेवर नसत. 2006 मध्ये सेवा मंदिर या संस्थेने जिल्हा प्रशासनाच्या साथीने काही केंद्रांवर तारीख-वेळ छापणारी यंत्रं ठेवली आणि गैरहजेरीला पगारकपात जोडली. पहिल्या सहा महिन्यांत गैरहजेरी जवळपास निम्म्यावर आली. मग ‘सूट दिलेले दिवस’ वाढू लागले: आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा शिबिर. ही सूट आरोग्य यंत्रणेतूनच मंजूर होत होती. सोळा महिन्यांनी यंत्र असलेली आणि नसलेली केंद्रं यांच्यात फरक उरला नाही. सहाव्या महिन्यात अहवाल छापला असता तर आपण ही योजना राज्यभर राबवली असती. कोणत्याही सघन मदतीचा निकाल मदत थांबल्यानंतर किमान वर्षभराने लावावा, असं मला या प्रयोगामुळे वाटतं. आपल्याकडचे अहवाल बहुधा निधी संपण्याच्या आधीच्या महिन्यात लिहिले जातात.

एका प्रकारच्या धोक्याला ही सगळी पद्धत लागू पडत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बालकं गेली. राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 11 रुग्ण दगावले. आगी सुदैवाने इतक्या विरळ आहेत की आगी किती घटल्या यावरून अशा कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला अनेक दशकं थांबावं लागेल. इथे साधनंच मोजायला हवीत: धुराचा इशारा देणारं यंत्र वाजतं का, दुसरा दरवाजा उघडतो का, रात्रपाळीच्या परिचारिकेला अग्निशामक नळकांडं चालवता येतं का. तपासणी झाली की नाही हे विचारण्यापेक्षा तपासणीत निघालेल्या त्रुटींपैकी किती दुरुस्त झाल्या हे विचारावं.

बुलढाण्यात मोजायचं तर

समजा उद्या या जिल्ह्यातल्या चार रुग्णालयांसाठी दोन वर्षांची सघन मदत आली. मी काय मागेन?

आधी निवड. अडचणीतली आठ रुग्णालयं शोधावीत, तीही एका वर्षाच्या आकड्यावरून नको, किमान तीन वर्षांच्या सरासरीवरून. मग कोणत्या चारांना आत्ता आणि कोणत्या चारांना दोन वर्षांनी, हे सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकून ठरवावं. मदत शेवटी आठांनाही मिळणार आहे, कुणालाही कायमचं वगळलेलं नाही. पैसा एकदम सगळ्यांना पुरणार नसतोच, मग क्रम लावताना वशिल्याऐवजी चिठ्ठी वापरण्यात नैतिक अडचण काय? उलट तेच जास्त न्यायाचं आहे.

काय मोजायचं हे पथक पोचण्याआधी ठरवून कागदावर बांधून घ्यावं. मातामृत्यू तालुक्याच्या पातळीवर मोजमापाला फार थोडे आहेत, हे आपण सुरुवातीला पाहिलं. त्यांच्या जागी मृत्यूच्या दारातून परत आलेल्या बायकांची नोंद ठेवावी: बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव, झटके, रक्त चढवावं लागणं. ही संख्या मृत्यूंच्या कितीतरी पट असते आणि त्यातून कमी काळात खरं चित्र दिसतं. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात किती सिझेरियन झाली, हेही मोजावं. दिवसा सगळीच रुग्णालयं चालतात. बाई दारात पोचल्यापासून रेफरची चिठ्ठी हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, 108 ची गाडी किती वेळात आली, आणि अकोल्याला ती कोणत्या अवस्थेत पोचली, याची नोंद दोन्ही टोकांना जुळवून पाहावी.

जमाखर्च जिल्ह्याचा मांडावा. आपल्याकडे मदतीचा अर्थ बहुतेक वेळा प्रतिनियुक्ती असा होतो. शेगावला आठवड्यातून तीन दिवस भूलतज्ज्ञ पाठवला तर तो कुठून तरी उचललेला असतो, आणि त्या दिवसांत तिथली सिझेरियन बंद पडतात. मदत मिळालेल्या रुग्णालयाचा आलेख वर जातो, पाठवणाऱ्याचा खाली. पहिलाच आलेख अहवालात येतो. चार रुग्णालयांत वाढलेली सिझेरियन आणि उरलेल्या जिल्ह्यात घटलेली सिझेरियन एकाच पानावर शेजारी-शेजारी छापली, तरच कळेल की जिल्ह्यात नवं काही आलं की जुनंच इकडून तिकडे सरकलं.

आणि आशांना विचारावं. कोणत्या गावची आशा बाईला घेऊन कुठे जाते, हे तिच्या अनुभवावर ठरतं. कुठे रात्री दार उघडतं, कुठे ओरडा खावा लागतो, कुठून हमखास पुढे पाठवतात, हे तिला कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा आधी कळतं. आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांपैकी किती जणी स्वतःहून या रुग्णालयात येऊ लागल्या, हा आकडा फुगवता येत नाही, कारण तो रुग्णालयाच्या वहीतून येतच नाही, गावातून येतो. महाराष्ट्रात 2007 पासून काही जिल्ह्यांमध्ये लोकाधारित देखरेखीचं काम झालं आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याचं समन्वयन केलं. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण देणं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडणं ही पद्धत त्यात रुजली. बुलढाण्यात मूल्यमापन करायचं तर हा अनुभव हाताशी आहे, नव्याने काही शोधायला नको.

हे सगळं लवकर ठरवण्याची एक निकड आहे. 2024-25 पासून बुलढाण्यात 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. येत्या काही वर्षांत अध्यापक येतील, खाटा वाढतील, तज्ज्ञ वाढतील. घाटावरून संभाजीनगरकडे जाणाऱ्या काही रुग्णवाहिका बुलढाण्यातच थांबतील. जिल्ह्याचे आकडे सुधारण्याची शक्यता मोठी आहे आणि ते सुधारावेत अशीच इच्छा आहे. पण याच वर्षांत सुरू होणारा मदतीचा प्रत्येक कार्यक्रम ती सुधारणा आपल्या खात्यावर मांडू शकेल. म्हणून महाविद्यालयापूर्वीच्या तीन वर्षांची प्रसूतिकक्षांची रजिस्टरं, रेफरच्या वह्या आणि 108 च्या नोंदी गोळा करून एकत्र जपून ठेवायचं काम याच वर्षी व्हायला हवं. ग्रामीण रुग्णालयांत जागेची टंचाई असते आणि जुन्या वह्या सगळ्यात आधी बाहेर जातात.